राखेच्या पाण्यात धुतलेला दोर

मित्रांनो, मी एक जुना दोर आहे. खरे सांगायचे तर अर्धाच दोर आहे. माझे एक टोक नीट बांधलेले आहे आणि दुसरे तुटलेले, तंतू सुटलेले. तुमच्या शाळेच्या खेळांच्या खोलीत, खिडकीशेजारच्या खुंटीवर मी लटकतो. माझ्या खाली तुम्ही मुद्गल, लेझिमी आणि चेंडूफळीचे सामान ठेवता आणि घाईघाईने बाहेर पळता.

का पळता, तेही मला ठाऊक आहे. या खोलीत भूत आहे असे तुम्ही एकमेकांना सांगता. खाडीला भरती आली की वारा नसतानाही दोराचे तुटलेले टोक हलते, हे तुमच्यातल्या दोघा-तिघांनी पाहिले आहे. त्यांचे पाहणे चुकलेले नाही. टोक हलते. पण घाबरण्याआधी माझी हकिकत ऐकून घ्या. ते कोण ओढते, हे मग तुमचे तुम्हीच ठरवा.

माझा जन्म ठाण्याला, कोपरीच्या कोळीवाड्यात झाला. तिथे भागीरथी नावाची कोळीण राहत असे. खाडीवरच्या निम्म्या होड्यांना तिच्याच हातचे दोर लागत. ती ताग भिजवी, झोडपी, विंचरी आणि मग अंगणात येरझाऱ्या घालत त्याला पीळ देई. तिचा नवरा दामाजी दुसऱ्या टोकाला उभा राहून फिरकी फिरवी. तो मासेमारीत वाघ होता, पण फिरकी फिरवताना त्याला हमखास डुलकी लागे. पीळ सैल पडला की भागीरथी तिथूनच म्हणे, "झोप लागली का काय तुमाला?" तो दचकून हसे आणि पुन्हा फिरकी फिरू लागे. माझ्या अंगात त्या दोघांचे हसणेही पिळले गेले आहे, असे मला कधी कधी वाटते.

पीळ पुरा झाला की दोराला ऐनाचे पाणी द्यायचे. ऐनाच्या झाडाची साल मोठ्या हंड्यात उकळून लाल काढा करायचा, दोर त्यात दोन दिवस बुडवून ठेवायचा आणि मग कडक उन्हात वाळवायचा. त्या पाण्यामुळे ताग कुजत नाही. दोर नीट मुरला की नाही, हे भागीरथी डोळ्यांनी पाहत नसे. ती त्याचा एक तंतू सोडवून जिभेवर ठेवी. तुरट लागला, जीभ आवळली, म्हणजे दोर पक्का. नाही तर पुन्हा हंड्यात. मला तिने तीनदा जीभ लावली, कारण मी तिच्या घरच्याच होडीवर जाणार होतो.

दामाजीच्या होडीवर मी चार वर्षे राबलो. खारे पाणी, ऊन, माशांचे खवले, चिखल, सगळे अंगावर घेतले. बांधलेल्या टोकापासून दोन हातांवर दामाजीची मला धरायची ठरलेली जागा होती. रोजच्या धरण्याने तिथे मी गुळगुळीत झालो होतो. अंधारातही त्याचा हात बरोबर तिथेच पडे.

पाचव्या वर्षी, भाद्रपदात, भर दुपारी खाडीच्या तोंडाशी वावटळ उठली आणि होडी उलटली. मी होडीला बांधलेला होतो. दामाजीने मला धरले, त्याच्या नेहमीच्या जागी. पुष्कळ वेळ मला त्याचे वजन जाणवत होते. मग एकेक बोट सुटत गेले. मागाहून दुसऱ्या होडीच्या माणसांनी मला वर ओढले तेव्हा मी हलका वर आलो. मित्रांनो, ते हलके येणे मी अजून विसरलो नाही. दामाजी खाडीला मिळाला तो कायमचाच.

भागीरथीने मला उराशी धरून रडण्याआधी हातांनी चाचपले. टोकापासून टोकापर्यंत एकही तंतू तुटलेला नव्हता. "दोर नाय सुटला," ती म्हणाली. "त्याचे हात थकले." एवढ्या दुःखातही तिला तेवढा एक आधार मिळाला, की तिच्या हातच्या वस्तूने तिच्या माणसाला दगा दिला नव्हता. मला पुन्हा होडीवर न्यायला मात्र कोणी तयार होईना. मी तिच्या झोपडीत आढ्याला लटकत राहिलो.

तिला एकच मुलगा होता, आनंदा. बाप गेला तेव्हा तो आठ वर्षांचा होता. याला पाण्यावर पाठवायचे नाही, असे भागीरथीने ठरवून टाकले आणि त्याला शाळेत घातले. मराठी शाळा संपल्यावर तो तुमच्या या इंग्रजी शाळेत आला. शाळा तेव्हा नवी होती. एका वकिलांनी आपली भाताची वखार रिकामी करून दिली होती. पावसाळ्यात तिच्या भिंतींना अजून तुसाचा वास येई. वर्गात वकील-कारकुनांची मुले होती, आणि कोळीवाड्यातला एकटा आनंदा.

त्या शाळेत श्रीपादपंत नावाचे मास्तर होते. इंग्रजी शिकवत आणि संध्याकाळी खेळ घेत. पोरांनी नुसते पाठांतर करून पाठीला पोक काढू नये, असे त्यांचे म्हणणे होते. त्यांनी स्वतः कुदळ घेऊन मैदानावरची खुरटी झाडे काढली, मल्लखांब पुरला, धावण्याच्या शर्यतीसाठी रेघ आखली आणि रेघेच्या टोकाला एक दगड पुरला. माणूस मनाचा चांगला होता. हे मी आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे तुम्हाला त्यांचा राग येणार आहे. मला तर फार आला होता.

श्रीपादपंतांना रस्सीखेच सुरू करायची होती आणि तिच्यासाठी भक्कम दोर हवा होता. आनंदाने घरी माझी गोष्ट काढली. भागीरथी दोन दिवस येता-जाता वर माझ्याकडे बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने मला आढ्यावरून उतरवले, वेटोळे करून खांद्यावर टाकले आणि शाळेत आणून मास्तरांपुढे ठेवले.

"न्या," ती म्हणाली. "याच्यावर त्याच्या बाचा हात हाय. पोर त्याला धरून खेळंल, बरं वाटंल मना. पर एक गोष्ट ध्यानात ठेवा मास्तर. ऐनाच्या पान्याबिगर याला दुसरं पानी लावू नका. दर वरसाला पौषात माझ्याकडं धाडा. मी बुडवून देईन."

"धाडीन, भागीरथीबाई," श्रीपादपंत म्हणाले. तीन वर्षे त्यांनी शब्द पाळला.

ती तीन वर्षे माझ्या आयुष्यातली सुखाची. सात मुले या बाजूला, सात त्या बाजूला, मध्ये माझ्या कमरेला लाल चिंधी. आनंदा नेहमी सगळ्यांत मागे, कमरेभोवती मला एक वेढा घेऊन उभा राही. त्याचा हात आपोआप त्या गुळगुळीत जागी पडे. पहिल्याच दिवशी त्याने तिथे अंगठा फिरवला आणि मान खाली घातली. मग शिट्टी झाली आणि त्याने जो जोर लावला, तसा जोर मला दामाजीनंतर कोणी लावला नव्हता. दर पौषात तो मला खांद्यावर टाकून घरी नेई. भागीरथी मला हंड्यात बुडवी आणि मायलेक दोघेही तंतू जिभेवर ठेवून बघत. आनंदाने तोंड वेडेवाकडे केले की ती म्हणे, "मंग झाला पक्का."

एकच कुरकुर होती. माझ्या अंगाला वास येई, मासळीचा आणि ऐनाच्या सालीचा. तो हातांना लागे. वकील-कारकुनांची मुले रस्सीखेच खेळून घरी गेली की त्यांच्या आया त्यांना विहिरीवरच उभे करून अंघोळ घालत आणि मगच उंबरठा ओलांडू देत. एकाच्या आजीने तर नातवावर गोमूत्र शिंपडले. श्रीपादपंतांकडे निरोपांवर निरोप येऊ लागले. मला त्याचे हसू येई. वासावाचून दोर कसला?

चौथे वर्ष उजाडले, इंग्रजी सन अठराशे एकोणनव्वद. त्या वर्षी कल्याणच्या शाळेची मुले आगगाडीने खेळायला येणार होती. बक्षिसे द्यायला मुंबईहून एक साहेब आणि त्याची मडम येणार होती. श्रीपादपंतांनी पंधरा दिवस झोप घेतली नाही. भिंतींना चुना लावला, मल्लखांबाला तेल पाजले, मुलांना पांढरी धोतरे आणि टोप्या सांगितल्या. मग त्यांची नजर माझ्यावर गेली. मी काळसर लाल, वास मारणारा, खाडीतून आलेला. पांढऱ्या धोतरांच्या रांगेत मी त्यांना शोभेना.

आनंदा मला घरी न्यायला आला तेव्हा ते म्हणाले, "यंदा राहू दे. आम्हीच व्यवस्था करतो."

"आये इचारंल, मास्तर."

"सांग, मास्तरांनी सांगितलंय म्हणून."

आनंदा रिकाम्या खांद्याने परत गेला. मास्तरांचा शब्द त्याला आईच्या शब्दाइतकाच मोठा होता.

शाळेचा शिपाई विश्राम. त्याला श्रीपादपंतांनी सांगितले, की मोठ्या हंड्यात राखेचे पाणी कर, रिठे घाल आणि दोर चांगला उकळून काढ. विश्राम कोपरीचाच. तो घुटमळला. "मास्तर, बाईंनी दुसरं पाणी नको म्हणून बजावलं होतं."

"अरे, आपण सोवळ्याचे कद रिठ्याने धुतो," श्रीपादपंत म्हणाले. "रेशमाला काही होत नाही, मग या जाड्या दोराला काय होणार? स्वच्छतेने कधी कुणाचं वाईट झालंय का?"

त्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असेच मानत आले होते. वाईट त्यांच्या मनात काही नव्हते. पण मला कोणी विचारले नाही, आणि जिने मला घडवले तिलाही विचारले नाही.

विश्रामने मला सकाळपासून दुपारपर्यंत उकळले. ऐनाचा रंग सुटून हंड्यातले पाणी रक्तासारखे लाल झाले. त्या पाण्याबरोबर मीठ गेले, वास गेला, भागीरथीने दिलेली सगळी राखण गेली. आणि दामाजीच्या हातांची ती जागा होती ना, ती फुगून खरबरीत झाली. त्याचे जे काही माझ्यापाशी उरले होते ते विश्रामने केळीच्या बुंध्याशी ओतून दिले. मला बोलता आले असते तर मी त्या दिवशी ओरडलो असतो.

एक दिवस मी उन्हात होतो. बाहेरून पांढराशुभ्र, मऊ, कोरडा दिसू लागलो. श्रीपादपंत खूश झाले. त्यांनी मला गुंडाळून लाकडी पेटीत ठेवले, झाकण लावले. आतून मी ओलाच होतो. पाच दिवस त्या बंद पेटीत मी ओला पडून होतो आणि माझ्या पोटात हळूहळू काय चालले आहे ते मला कळत होते. पेटी उघडली तेव्हा सगळ्यांनी माझे कौतुक केले. एक मुलगा म्हणाला, "आता कसा सभ्य दिसतो." माझ्या साऱ्या आयुष्यात माझे एवढे कौतुक कधी झाले नव्हते.

सामन्याच्या दिवशी मैदान भरून गेले. साहेब खुर्चीवर, मडमेच्या डोक्यावर छत्री. एका कडेला, मुलांच्या आयाबहिणींपासून जरा लांब, भागीरथी उभी होती. तिथून तिला मुलांच्या पाठी दिसत होत्या, मी दिसत नव्हतो. धावणे झाले, उंच उडी झाली. ठाण्याची आणि कल्याणची बक्षिसे सारखी झाली. आता रस्सीखेचीवर निकाल होता.

आनंदाने मला हातात घेतले आणि तो थबकला. त्याने ती जागा शोधली. ती सापडेना. पुन्हा अंगठा फिरवला. मग त्याने माझा एक तंतू नखाने सोडवला आणि ओठांशी नेला. आणखी एक क्षण मिळाला असता तर तो जिभेवर पडला असता. पण समोरून कल्याणचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला, "अरे, ते बघा. ठाण्याचा कोळी दोर खातोय. जेवला नाही वाटतं." दोन्हीकडची मुले हसली. साहेबानेही मान वळवून पाहिले.

आनंदाचे कान लाल झाले. त्याने श्रीपादपंतांकडे पाहिले. त्यांनी हाताने खूण केली, चल, उरक. आनंदाने तंतू टाकून दिला, मला कमरेभोवती घेतले आणि पाय रोवले. मित्रांनो, त्या हसण्याची मला कधी कधी त्या राखेच्या पाण्यापेक्षाही जास्त चीड येते.

शिट्टी झाली. दोन्ही बाजूंनी ताण पडला. मी खूप सोसले. बाहेरचे पदर धरून होते, पण आतला पदर कुजलेला होता आणि तो एकेक तंतू तुटत होता. लाल चिंधी ठाण्याच्या बाजूला सरकू लागली. लोक ओरडू लागले. आनंदाने शेवटचा हिसका दिला आणि मी मधोमध तुटलो.

कल्याणची मुले एकमेकांच्या अंगावर पडली आणि हसत उठली. ठाण्याचीही पडली, हसत उठली. आनंदा मात्र सगळ्यांत मागे होता आणि त्याच्यामागे शर्यतीचा तो दगड होता. त्याचे डोके दगडावर आपटले. त्याला उचलायला विश्राम धावला. आनंदाला शुद्ध नव्हती, पण त्याची बोटे माझ्यावरून सुटत नव्हती. विश्रामने रडत रडत ती एकेक करून उलगडली. बापाची बोटे थकून सुटली होती, मुलाची कोणी तरी सोडवावी लागली. दोन दिवस आनंदा तसाच पडून होता. तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

पुढचे सांगताना माझे उरलेसुरले तंतूही आखडतात. शाळा चालवणाऱ्या मंडळींनी श्रीपादपंतांना बोलावून विचारले, की हे कसे झाले? शाळेचे खेळ बंद पडतील, शाळाही बुडेल, अशी बोलणी चालली होती. भागीरथी दाराशी बसली होती. श्रीपादपंतांनी तिच्याकडे न पाहता सांगितले, "दोर घरगुती होता. पीळ कच्चा निघाला."

"पीळ कच्चा?" भागीरथीने विचारले.

"होय, बाई."

ती आपल्या हातांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "दोर दावा मना."

"फेकून दिला," श्रीपादपंत म्हणाले.

मी वर माळ्यावर होतो. तिचा आवाज मला ऐकू येत होता. एक तंतू तिच्या जिभेवर पडला असता तर तिला सगळे कळले असते. मधे फक्त लाकडाच्या फळ्या होत्या. कल्याणच्या बाजूचा माझा अर्धा भाग विश्रामने घाबरून खाडीत टाकला होता. हा अर्धा टाकवेना म्हणून त्याने माळ्यावर कोंबला होता. नोकरी जाईल म्हणून तोंडही उघडवेना.

नऊ वर्षे मी तिथे पडून होतो. उंदरांनी मला तोंड लावले आणि सोडून दिले. खेळ बंद झाले होते. मैदानावर गवत वाढले. भरतीच्या वेळी माझे तुटलेले टोक हलू लागले ते तेव्हापासून. खाडीच्या तळाशी माझा दुसरा अर्धा भाग आहे. दामाजीही तिथेच कुठेतरी आहे. पाणी चढू लागले की तिकडून हलकासा ओढा येतो, पुन्हा येतो, आणि पाणी उतरले की थांबतो. कोणी तरी पकड आहे का ते पाहावे, तसा तो ओढा असतो. इकडून ओढणारे कोणी नाही, हे तिकडे कसे कळवायचे, मला समजत नसे.

खाली विश्राम कधी कधी स्वतःशी बोले, त्यावरून मला कोळीवाड्याची खबर मिळे. भागीरथीने त्या दिवसापासून फिरकीला हात लावला नव्हता. होडीवालेही तिच्याकडे येईनासे झाले. जिच्या पिळाने पोटचा पोर मेला तिचा दोर कोण घेणार? ती सुकी मासळी विकून दिवस काढी. विश्राम एकदा तिच्या दारावरून गेला तेव्हा ती रिकाम्या अंगणात येरझाऱ्या घालत होती, हातात काही नसताना बोटांनी पीळ देत होती. मधेच थांबे आणि विचारी, "हितं चुकली का मी? का हितं?"

मग ठाण्यात गाठीचा ताप, म्हणजे प्लेग, आला. शाळा बंद झाली. लोक गाव सोडून माळावर झोपड्यांत राहायला गेले. साथ ओसरल्यावर हुकूम आला की शाळेतली जुनीपुराणी अडगळ खाली काढून जाळून टाका. श्रीपादपंत आता मुख्याध्यापक झाले होते. केस पांढरे, पाठीला पोक. त्यांनी विश्रामला माळा रिकामा करायला सांगितले. माळ्यावर काय आहे हे त्यांना ठाऊक होते की नाही, मला सांगता येणार नाही.

विश्रामने मला खाली आणले. आग पेटलेली होती. त्याने मला आगीवर धरले आणि तसाच उभा राहिला. त्याच साथीत त्याची बायको आणि थोरली मुलगी गेली होती. नोकरीची भीती त्याच्यात आता उरली नव्हती. त्याने मला उपरण्यात गुंडाळले आणि थेट कोळीवाड्याची वाट धरली.

भागीरथी अंगणात जवळा वाळत घालत होती. विश्रामने मला तिच्यापुढे ठेवले आणि तोंड फिरवून उभा राहिला. ती फार म्हातारी झाली होती. तिने मला लगेच ओळखले नाही. मग हात फिरवला, बांधलेल्या टोकाची गाठ पाहिली आणि मला मांडीवर घेऊन बसली. गाठ तिचीच होती.

तिने माझा पीळ बोटांनी उलगडला. पदर मोजले. वळ पाहिले. अगदी तुटल्या जागेपर्यंत पाहत गेली. कुठे चूक सापडेना. मग तिने एक तंतू सोडवला. तो जिभेवर ठेवला.

तिने डोळे मिटले. तोंडातला तंतू काढला आणि विचारले, "धुतला?"

"राखेच्या पाण्यात," विश्राम म्हणाला. "मीच उकळला, भागीरथीबाय. मास्तरांनी सांगितलं आणि मी उकळला. नऊ वर्सं सांगायला आलो नाही. मला काय बोलायचं ते बोल."

तिने जवळा तसाच टाकला, मला खांद्यावर घेतले आणि निघाली.

शाळा नुकतीच पुन्हा उघडली होती. श्रीपादपंत मैदानावर चाळीस-पन्नास मुलांना उभे करून काही सांगत होते. भागीरथीला पाहून ते थांबले. तिच्या खांद्यावर मला पाहिले आणि त्यांचा चेहरा उतरला. भागीरथी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तिने माझा एक तंतू काढून पुढे केला.

"मास्तर, याला जीभ लावा."

मुलांमध्ये कोणी तरी हसले. श्रीपादपंतांनी त्या मुलाकडे अशा नजरेने पाहिले की मैदान गप्प झाले. ते हसणे त्यांनी पूर्वी ऐकले होते. मग, मित्रांनो, ज्यांना माझा वास सोसवत नव्हता त्या श्रीपादपंतांनी सगळ्यांसमक्ष तो तंतू तोंडात घातला.

"कसा लागतो?" भागीरथीने विचारले.

"राखेसारखा."

"ऐन लागतो का?"

"नाही."

"कुनाच्या चुलीची राख, मास्तर?"

"माझ्या," श्रीपादपंत म्हणाले. "तुम्ही नको म्हणाला होतात. मीच धुवायला लावला. त्यामुळे तो कुजला. तुमचा पीळ पक्का होता, भागीरथीबाई. मी खोटं बोललो."

"मना नका सांगू. मना कललं. या पोरांना सांगा."

आणि श्रीपादपंतांनी मुलांकडे वळून सगळे सांगितले. आनंदा कोण होता, दोर कोणी केला होता, त्याला कोणते पाणी चालत नव्हते, आपण काय केले आणि नंतर काय लपवले. एकही गोष्ट त्यांनी सोडली नाही. भागीरथी उभी राहून ऐकत होती. "पीळ पक्का होता" हे शब्द ते दुसऱ्यांदा बोलले तेव्हा तिने आपले दोन्ही हात समोर धरले, उलटसुलट करून पाहिले आणि त्या हातांनीच तोंड झाकून ती त्या दगडाशेजारी बसून रडली. विश्राम म्हणतो, आनंदा गेला तेव्हाही ती अशी रडली नव्हती.

श्रीपादपंतांनी जाताना तिला विचारले, की हा दोर तुम्ही घरी नेता का? की जाळायचा?

"इथंच ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "माझ्या आनंदानं यालाच धरलंय."

म्हणून मी या खुंटीवर आहे. त्या आठवड्यात कोळीवाड्यात ताग आला आणि फिरकी पुन्हा फिरू लागली. तुम्ही आता ज्या दोराने रस्सीखेच खेळता तो काळसर लाल, वास येणारा दोर तिच्याच हातचा. दर पौषात तुमच्यातलेच दोघे तो खांद्यावर टाकून कोपरीला नेतात, आणि परत आणण्याआधी तिच्या अंगणात उभे राहून तंतू जिभेवर ठेवतात. तोंडे वेडीवाकडी करतात. आता कोणी हसत नाही.

मित्रांनो, भरतीच्या वेळी माझे टोक हलेल. तेव्हा पळू नका, इतकेच सांगतो. खाडीतून कोणी तरी ओढून बघते आहे, अजून पकड आहे का ते. आणि पकड आहे. बांधलेल्या टोकापासून दोन हातांवर नीट पाहा. तिथे चार बोटांचे आणि एका अंगठ्याचे, घामामातीने काळे पडलेले ठसे आहेत. बापाचे हात गेले, पण मुलाचे राहिले. मी जुना आहे, मळका आहे, माझ्यावर धूळ बसली आहे. पुढे कधी साहेब येतील, भिंतींना चुना लागेल, आणि तुमच्यातल्या एखाद्या चांगल्या मनाच्या मुलाला वाटेल की या बिचाऱ्या दोराला स्वच्छ करावे. धूळ झटका हवी तर.

पण मला धुऊ नका.